पाऊस पंचवीस किलोमीटरचा, नाला पाच मीटरचा

नागपूर महानगरपालिकेची हद्द साधारण २२७ चौरस किलोमीटरची. हवामान विभागाचा जाळीदार दैनिक पाऊस, म्हणजे नकाशाच्या प्रत्येक चौकटीला रोजचा एक आकडा, आपण सगळेच वापरतो; त्याची जाळी ०.२५ अंशाची. आपल्या अक्षांशावर तिची एक चौकट पूर्व-पश्चिम २६ आणि दक्षिणोत्तर २७.७ किलोमीटर भरते, म्हणजे सुमारे ७२० चौरस किलोमीटर. नागपूरएवढी तीन शहरं एका चौकटीत बसावीत. तरी आपलं एकटं शहर चार चौकटींत वाटलं गेलंय! कारण या जाळीचे बिंदू २१.०, २१.२५ असे येतात. बिंदू मधोमध धरला तर दोन चौकटींमधली रेघ २१.१२५ अक्षांशावरून, म्हणजे अंबाझरी तलावाच्या आसपासून जाते आणि दुसरी ७९.१२५ रेखांशाची रेघ पूर्व नागपुरातून. सोनेगाव विमानतळ एका चौकटीत, फुटाळा दुसरीत.

आणि या पावसावर आपल्याला पाच मीटर रुंदीच्या नाल्याचा पूर काढायचा असतो.

मी त्रिमूर्ती नगरातल्या एका छोट्या ऑफिसात पाण्याची मॉडेलं करते. उन्हाळ्यात एम.टेक.ची मुलंमुली प्रोजेक्टला येतात, अधूनमधून एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते येतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, डागा लेआउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या वस्त्या पाण्यात गेल्या. तेव्हापासून ज्याला-त्याला पुराचं मॉडेल हवं असतं. हा मजकूर त्यांच्यासाठी. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडता येतं आणि एक्सेलमध्ये सूत्र घालता येतं, एवढं धरून चालते.

आधी प्रश्न, मग जाळी

मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, ग्रिड केवढा घेऊ?" मी उलट विचारते, "उत्तर कोणाला पाहिजे, आणि तो त्याचं काय करणार?" हे कागदावर एका वाक्यात लिहून झाल्याशिवाय लॅपटॉप उघडू देत नाही.

नाग नदीचंच घ्या. वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांकडून निघते, अंबाझरीतून पुढे शहरात सुमारे १७ किलोमीटर वाहते, पिवळी नदी तिला मिळते, मग ती कन्हानला, कन्हान वैनगंगेला आणि ते सगळं गोसेखुर्दच्या जलाशयात. या एका पाण्याबद्दल तीन माणसं तीन प्रश्न विचारतात. वस्तीतला माणूस विचारतो, अंबाझरी ओसंडला तर माझ्या दारात पाणी किती चढेल? पाण्याच्या गुणवत्तेवर काम करणारा विचारतो, शहराचा मैला गोसेखुर्दला महिन्याकाठी किती पोचतो? आणि खोऱ्याचं नियोजन करणारा विचारतो, पुढच्या तीस वर्षांत पाऊस सरकला तर धानाच्या पाण्याचं काय?

पहिल्याला दोन ते पाच मीटरची चौकट आणि मिनिटामिनिटाचं उत्तर लागतं, कारण तिथे पुलाची मोरी, संरक्षक भिंत आणि रस्त्याची उंची यांवर सगळं ठरतं. दुसऱ्याला चौकटच नको. नदीचे दहा-बारा तुकडे पाडा, प्रत्येकात काय आलं, काय कुजलं, काय पुढे गेलं याचा रोजचा हिशेब ठेवा. तिसऱ्याला पंचवीस किलोमीटर आणि एक महिना पुरतो, पण तोतलाडोह आणि गोसेखुर्द धरणांचे दरवाजे कधी उघडतात हे त्याला सोडता येत नाही. पहिल्याच्या मॉडेलमध्ये गोसेखुर्दचा दरवाजा घालणं जेवढं निरर्थक, तेवढंच तिसऱ्याच्या मॉडेलमध्ये डागा लेआउटची मोरी घालणं. माप बदललं की पाणी कोण चालवतं तेच बदलतं.

खर्चाचाही अंदाज याच वेळी घ्या. पाच मीटरच्या चौकटी घेतल्या तर नागपूर हद्दीत नव्वद लाख होतात, तीस मीटरच्या अडीच लाख. चौकट निम्मी केली की संख्या चौपट होते आणि वेळेची पायरीही (गणित दर वेळी जेवढ्या वेळाने पुढे सरकतं ती) निम्मी करावी लागते, म्हणजे गणित आठपट. पायरी निम्मी का? एक मीटर खोल पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहत असेल, तर त्यातली लाट सेकंदाला साधारण पाच मीटर पळते. एका पायरीत तिने एक चौकट ओलांडून पुढे जाता कामा नये, नाहीतर आकडे भडकतात. पाच मीटरला एक सेकंद, तीस मीटरला सहा. हे नेहमीच्या सरळ पद्धतीने सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतेय. लॅपटॉप रात्रभर चालवून सकाळी पडद्यावर नुसते वेडेवाकडे आकडे दिसले, की आधी हे तपासा.

फाइल सांगते ते माप आणि खरं माप

आता वहीत एक तक्ता करा. प्रत्येक डेटासमोर चार गोष्टी: फाइलमधली चौकट, खरी चौकट, वेळेची पायरी, आणि तो दिवस कधी सुरू होऊन कधी संपतो. दुसऱ्या रकान्यात बरीच मंडळी फसतात.

लँडसॅट ८ ची उष्णतेची प्रतिमा तीस मीटरच्या पिक्सेलमध्ये मिळते, पण तिचा संवेदक शंभर मीटरचा आहे. तीस मीटर ही पुढची सोय. धरमपेठेतली एकेक गच्ची किती तापली हे तिच्यातून काढू नका. शिवाय हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो आणि आपला मे महिन्याचा पारा दुपारी तीन-चारला टोक गाठतो. तो मोजतो ते पृष्ठभागाचं तापमान, तर वेधशाळेतला तापमापक सावलीतल्या हवेचं. या दोन आकड्यांत सहज दहा अंशांची तफावत असू शकते आणि त्यात चूक कोणाचीच नसते.

मातीचा नकाशा १:२,५०,००० वर असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५० मीटर. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय आहे आणि त्यांचे नकाशे उत्तम आहेत, पण राज्याच्या नियोजनासाठी काढलेली रेघ एखाद्या शेताच्या बांधावर नेऊन ठेवली तर तो नकाशाचा दोष नाही. आपल्याकडे तर पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला जुना नाइस आणि उत्तरेकडे गोंडवानाचे गाळखडक, अशी तीन तऱ्हांची जमीन थोड्या अंतरात बदलते. सीमेवरच्या विहिरीला नकाशावरचा रंग लावून मोकळं होऊ नका.

सगळ्यात मोठी उडी मी पाहिली ती भूजलाची. गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांची फाइल अर्ध्या अंशाच्या जाळीत मिळते, म्हणून एका मुलाने तिच्यातून काटोल तालुक्याचा आलेख काढून आणला. ग्रेसला खरोखर दिसतो तो साधारण तीनशे किलोमीटरचा पट्टा, म्हणजे नव्वद हजार चौरस किलोमीटर. विदर्भ साधारण तेवढाच आहे. तो आलेख अख्ख्या विदर्भाचा होता, वर फक्त नाव काटोलचं होतं.

आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. जाळीतला आकडा चौकटीच्या मध्यबिंदूचा आहे की कोपऱ्याचा, हे फाइलसोबतच्या माहितीत वाचा. उलट धरलं तर सगळा पाऊस अर्धी चौकट, म्हणजे तेरा-चौदा किलोमीटर सरकतो. अंबाझरीचा पाऊस हिंगण्यापलीकडे जाऊन पडतो आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही. मोजमाप मीटरमध्ये हवं असेल तर सगळे थर (नकाशे) यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४४ उत्तर पट्ट्यात आणून घ्या, नागपूर त्यातच येतं.

सरासरी शेवटी काढा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. म्हणून इथे जरा थांबते.

समजा एका चौकटीवर सरासरी ४० मिलिमीटर पाऊस पडला. निम्मी चौकट सिमेंटची, निम्मी मोकळी जमीन. पाणी किती वाहून जाईल, म्हणजे अपधाव, हे कर्व्ह नंबर पद्धतीने काढू; जमीन जेवढं जास्त पाणी वाहू देते तेवढा तिचा नंबर मोठा. सिमेंटला ९८, मोकळ्या जमिनीला उदाहरणापुरते ७०. सूत्र असं: धारणक्षमता = २५४०० ÷ कर्व्ह नंबर − २५४, आणि अपधाव = (पाऊस − ०.२ × धारणक्षमता)² ÷ (पाऊस + ०.८ × धारणक्षमता), सगळं मिलिमीटरमध्ये.

आळशी वाट अशी: ९८ आणि ७० ची सरासरी ८४, सूत्रात टाकली, उत्तर ११.७ मिलिमीटर. आता तेच दोन भाग वेगवेगळे काढा. सिमेंटवरून ३४.४ वाहतात, मोकळ्या जमिनीवरून २.६, त्यांची सरासरी १८.५. पाऊस तोच, जमीन तीच, फक्त सरासरी आधी न काढता नंतर काढली तर पाणी दीडपटीहून जास्त निघालं. सूत्र सरळ रेषेत चालत नाही, वर वळतं, म्हणून असं होतं.

आता पावसाचं पाहू. आपल्याकडच्या वळवाच्या किंवा सप्टेंबरच्या पावसात निम्म्या चौकटीवर ८० आणि निम्म्यावर शून्य हे काही नवल नाही. सदरमध्ये धो धो आणि मनीषनगरात ऊन. सरासरी ४०च. जमीन ८४ चीच धरली तरी अपधाव २०.८ येतो. आणि जमीन, पाऊस दोन्ही वेगळे ठेवले तर? ते ८० सगळे सिमेंटवर पडले तर चौकटीचा सरासरी अपधाव ३७, सगळे मोकळ्या जमिनीवर पडले तर १०. एकाच '४० मिलिमीटर' मधून १० ते ३७ पर्यंत काहीही निघतं. पाऊस किती याच्या जोडीला, तो कशावर पडला हेही तितकंच महत्त्वाचं. हे आकडे हाताने एकदा काढून पाहा, वाचून समजत नाहीत.

तेव्हा कृती अशी. आधी जमिनीचे वर्ग पाडा, प्रत्येक वर्गाला सूत्र लावा, मग क्षेत्रफळाच्या प्रमाणात उत्तरांची सरासरी काढा. पावसाची फोड मिळत नसेल तर निदान चौकटीच्या किती टक्के भागावर पाऊस पडला एवढा अंदाज ठेवा. स्वॅटसारख्या खोऱ्याच्या मॉडेलमधले एचआरयू, म्हणजे सारखी माती, उतार आणि वापर असलेले जमिनीचे तुकडे, जमिनीसाठी हेच काम करतात, पण ते पावसाची फोड करून देत नाहीत, हे विसरू नका. सरासरी म्हणजे सावजी रश्श्यात ओतलेलं पाणी. तिखट कमी करता येतं, पण ओतलेलं पाणी परत काढता येत नाही.

सगळ्यालाच घाबरायचं मात्र नाही. सूत्र सरळ रेषेतलं असेल तर सरासरी आधी काढा की नंतर, उत्तर तेच. गटाराच्या आखणीत वापरतात त्या रॅशनल पद्धतीतला सहगुणक (पावसातला किती हिस्सा वाहतो ते) क्षेत्रफळाच्या प्रमाणात सरासरी काढून खुशाल वापरा. शंका असेल तर एक्सेलमध्ये दोन टोकाच्या किमती टाकून दोन्ही तऱ्हांनी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

उंबरठा असलेली प्रत्येक गोष्ट मात्र या जाळ्यात सापडते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, हा आपल्याकडचा ओळखीचा निकष. एका पर्जन्यमापकावर ९० आणि शेजारच्यावर २०, तर सरासरी ५५ आणि अतिवृष्टी गायब. त्यामुळे जाळीदार डेटावरून 'गेल्या तीस वर्षांत अतिवृष्टीचे दिवस किती' हे मोजून ते गावच्या मापकाशी ताडून पाहणं चूक. जाळीत ते कमीच निघणार. उंबरठा चौकटीच्या मापाप्रमाणे नव्याने ठरवा, किंवा सरळ मापकाचाच डेटा घ्या. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळनिहाय आहेत, या कामाला त्यांचे आकडे जाळीपेक्षा बरे.

जाडं करताना नाला हरवतो

बारीक थर जाडा करताना, म्हणजे छोट्या चौकटींच्या मोठ्या करताना, सॉफ्टवेअर पद्धत विचारतं आणि आपण पहिलीच निवडून ओके दाबतो. पाऊस, तापमान, उंची यांना 'अॅव्हरेज'. जमीन वापरासारख्या वर्गवारीला 'नियरेस्ट' (सगळ्यात जवळच्या पिक्सेलचा वर्ग) किंवा 'मोड', कारण शेत २ आणि तलाव ४ यांच्यामधला ३ म्हणजे रस्ता असं होत नसतं. पण 'मोड' म्हणजे बहुमत, आणि बहुमतात नाला कायम हरतो. पाच मीटरचा नाला तीस मीटरच्या पिक्सेलमध्ये नेहमीच अल्पमतात. म्हणून वर्गांचा एकच नकाशा न ठेवता प्रत्येक वर्गाचा टक्केवारीचा थर करा: या पिक्सेलमध्ये सिमेंट ६२ टक्के, गवत ३०, पाणी ८. मेमरी जास्त लागते, पण वरचं सरासरीचं गणित त्यावर नीट बसतं.

उंचीच्या थरात हीच अडचण जास्त बोचते. एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार मोजणीची उंची फेब्रुवारी २००० मधली, तीस मीटरची, आणि तिच्यात इमारतींची छपरं आणि झाडांचे शेंडेही धरलेले. पंचवीस वर्षांत शहराने किती माती हलवली ते तुम्ही पाहतच आहात. नदीची रेघ सर्व्हेच्या नकाशावरून काढून त्या थरात कोरून घ्या, म्हणजे पाणी निदान खऱ्या वाटेने जाईल. पण वस्तीतल्या पुरासाठी तेवढ्याने भागत नाही. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते कित्येक गल्ल्यांत घराच्या जोत्यापेक्षा वर आलेत. तो एक फुटाचा फरक ठरवतो की पाणी रस्त्यावरून वाहील की अंगणात शिरेल, आणि उपग्रहाच्या उंचीत मीटरांची चूक असते. तिथे ऑटो लेव्हल हे उंची मोजायचं यंत्र घेऊन गल्लीत उभं राहण्याला पर्याय नाही. आमच्याकडचे सर्व्हेवाले काका हे काम एका सकाळी चार गल्ल्यांचं उरकतात, चहासकट.

घड्याळ आणि तारीख

शंभर हेक्टरचा एक शहरी पाणलोट घ्या, रॅशनल सहगुणक ०.७. शंभर मिलिमीटर पाऊस २४ तासांत सारखा पडला तर तासाला ४.२ मिलिमीटर, आणि गटारात सेकंदाला ०.८ घनमीटर. तोच पाऊस तीन तासांत पडला तर ६.५ घनमीटर. आठपट. रोजच्या पावसाचा आकडा थेट गटाराच्या मॉडेलला देणारा माणूस पहिलं उत्तर घेऊन बसतो आणि गटार पुरेसं आहे म्हणतो. खरं तर एवढ्या छोट्या पाणलोटात पाणी अर्ध्या-पाऊण तासात तोंडाशी येतं, तेव्हा तीन तासांची सरासरीही जाडच.

दिवसाचे तास करायचे तर मी असं करते: बेरीज जमिनीवरच्या मापकाची, आकार दुसऱ्याचा. आयमर्ग हा उपग्रहाचा पाऊस दर अर्ध्या तासाचा आणि ०.१ अंशाचा मिळतो. त्याचा एकूण आकडा आपल्या भागात विश्वासाचा असेलच असं नाही, पण पाऊस कोणत्या वेळी कसा चढला-उतरला ते तो बरं सांगतो. अठ्ठेचाळीस तुकड्यांचं प्रमाण त्याच्याकडून घ्या आणि बेरीज मापकाएवढी होईल असं सगळ्यांना गुणा. जवळ तासाची नोंद देणारं केंद्र असेल तर अर्थात ते आधी.

यात तारखेचा खड्डा आहे. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेला लागतो. उपग्रहाचा दिवस जागतिक वेळेप्रमाणे, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. २३ सप्टेंबर २०२३ चा पाऊस बहुतांश पहाटेचा. हवामान विभागाच्या खात्यात तो २३ तारखेला, उपग्रहाच्या दैनिक फाइलमध्ये त्यातला बराचसा २२ ला. दोन्ही स्तंभ शेजारी ठेवून सहसंबंध काढणारा म्हणतो, "ताई, सॅटेलाइट फेल आहे." सॅटेलाइट ठीक आहे बाप्पा, तू आधी अर्ध्या तासाच्या फाइली जागतिक वेळेच्या तीन ते दुसऱ्या दिवशीच्या तीनपर्यंत बेरीज करून घे.

मोठ्यातून लहान काढताना

पंचवीस किलोमीटरचा थर क्यूजीआयएसमध्ये शंभर मीटरवर आणला की पडद्यावर रंग गुळगुळीत होतात आणि अहवालात छान दिसतात. माहिती होती तेवढीच आहे. माहिती वाढायला बाहेरून काहीतरी आणावं लागतं. डोंगराळ भागात उंचीची मदत होते, पण आपलं शहर तीनशे-सव्वातीनशे मीटरवर बऱ्यापैकी सपाट, इथे उंचीवरून पाऊस वाटण्यात फारसा अर्थ नाही. सोनेगावला डॉप्लर रडार आहे, त्याची चित्रं किंवा महावेधची केंद्रं यांवरून चौकटीतला पावसाचा आकार घेता येतो. तेही नसेल तर सरासरी कायम ठेवून पावसाचे वेगवेगळे संभाव्य नकाशे तयार करा, सगळ्यांवर मॉडेल चालवा आणि उत्तर एका आकड्यात न देता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं द्या. वरचं १० ते ३७ आठवा.

हवामान बदलाच्या मॉडेलांत एकेक चौकट बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे एक चौकट जवळजवळ अख्ख्या नागपूर जिल्ह्याएवढी. तिचा रोजचा पाऊस एका मापकाशी जुळवून 'दुरुस्त' करण्याची फॅशन आहे, आणि ती मला पटत नाही. मापकावरचा मोठा पाऊस असतो दोन-चार किलोमीटरचा. चौकटीचा आकडा त्याच्याएवढा फुगवला की अख्ख्या जिल्ह्यावर एकाच वेळी ढगफुटी होते आणि मोठ्या नदीचा पूर भलताच निघतो. मोठ्या खोऱ्याला मोठ्या जाळीशीच जुळवा. शहराच्या नाल्यासाठी, मॉडेलने भविष्यात पाऊस किती टक्के वाढेल म्हटलंय तेवढं फक्त घ्या आणि आपल्या मापकाच्या जुन्या नोंदी त्या प्रमाणात बदला. हा उपाय ओबडधोबड आहे, पण त्याची चूक कुठे आहे ते तरी दिसतं.

सहगुणक उसने घेऊ नका

कन्हानच्या रोजच्या प्रवाहावर जुळवलेले सहगुणक (मॉडेलमधले जुळवून ठरवायचे आकडे) तसेच उचलून नाल्याच्या पाच मिनिटांच्या मॉडेलमध्ये टाकलेले मी कित्येक अहवालांत पाहते. ते चालत नाहीत. काळ्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन पाणी किती मुरतं मोजलं तर जवळजवळ काहीच मुरत नाही. तीच जमीन मे अखेरीस भेगाळलेली असते, पहिला पाऊस त्या भेगा गिळून टाकतात, आणि जुलैत माती फुगून भेगा मिटल्या की पाणी वरून पळतं. नमुन्याचा आकडा शेताला लागू नाही, जूनचा आकडा ऑगस्टला लागू नाही. चौकट किंवा पायरी बदलली की सहगुणक नव्याने जुळवायचे. एवढंच.

तपासणी

प्रत्येक वेळी माप बदललं की पाण्याची बेरीज करा. मिलिमीटर गुणिले क्षेत्रफळ, घनमीटरमध्ये, बदलाआधी आणि नंतर. फरक एका टक्क्याच्या वर गेला तर पुढे जायचं नाही, आधी तो कुठे सांडला ते शोधायचं. बहुतेक वेळा हद्दीवरचे अर्धे पिक्सेल सांडलेले असतात.

मग तेच मॉडेल दोन मापांवर चालवा, समजा दहा आणि वीस मीटरवर. दारातल्या पाण्याची उंची पाच-सात सेंटिमीटरने हलली तर ठीक, अर्धा मीटर हलली तर तुमचं उत्तर अजून पावसाबद्दल बोलत नाही, जाळीबद्दल बोलतंय. मापकाशी तुलना करताना एका मापकाला एका चौकटीसमोर उभं करू नका. चौकटीतल्या सगळ्या मापकांची सरासरी घ्या. एकच असेल तर रोजच्या आकड्यांऐवजी महिन्याची बेरीज ताडा.

अहवालात शेवटी लोक विसरतात ती ओळ मी पहिल्या पानावर घालायला लावते: हे उत्तर एवढ्या क्षेत्राला, एवढ्या वेळेला लागू, त्याखाली नाही. माझा मावसभाऊ काटोलकडे संत्र्याची बाग करतो. त्याला मी एकदा तालुक्याच्या पावसाचा नकाशा दाखवला तर म्हणाला, "ताई, तुह्या कम्प्युटरात पाऊस पडून राह्यला, माह्या वावरात नाही." त्याच्या बाजूने तो बरोबर होता आणि नकाशाही चूक नव्हता. तेव्हापासून चौकट पंचवीस किलोमीटरची असेल तर मी नकाशावर गावांच्या सीमा टाकत नाही, तालुक्याच्याच टाकते. वेबवरचा नकाशा असेल तर झूमला कुलूप घालते: जेवढ्या मापावर आकडा खरा, त्यापुढे चित्र मोठं होतच नाही. क्यूजीआयएसमध्ये थराच्या गुणधर्मात, रेंडरिंगच्या पानावर, तो थर कोणत्या प्रमाणापर्यंत दिसावा हे ठरवायची खूणचौकट आहे. पंचवीस किलोमीटरच्या पावसाला मी तिथे १:५,००,००० टाकते.